हडसनखालचा बोगदा: पैसे मंजूर आहेत, मग अडतं कुठे?

न्यू जर्सीहून मॅनहॅटनमध्ये शिरणाऱ्या रेल्वेचा सगळा भार दोन नळ्यांवर आहे. हडसन नदीच्या तळाखाली एकेक रूळ असलेले दोन बोगदे आहेत. साधारणपणे एकातून गाड्या जातात, दुसऱ्यातून येतात. पेनसिल्व्हेनिया रेलरोड या खासगी कंपनीने ते बांधले आणि १९१० साली ते सुरू झाले. सकाळच्या गर्दीच्या तासाला या वाटेने न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनात जास्तीत जास्त २४ गाड्या पोचू शकतात. यातली एक नळी बंद पडली तर किती गाड्या पोचतील? कुणीही म्हणेल, निम्म्या. म्हणजे १२.

प्रत्यक्षात पोचतील ६.

एकच नळी उरली की दोन्ही दिशांच्या गाड्या त्याच रुळावरून न्याव्या लागतात. आधी मॅनहॅटनकडे जाणाऱ्या काही गाड्या सोडायच्या, शेवटची पूर्ण बाहेर पडेपर्यंत थांबायचं, मग उलट्या दिशेच्या सोडायच्या, पुन्हा थांबायचं. दिशा बदलताना दरवेळी नळी रिकामी व्हावी लागते आणि या वाट पाहण्यातच वेळ जातो. शनिवार-रविवारी देखभालीसाठी एक नळी बंद ठेवतात तेव्हा हेच घडतं, पण सुट्टीची गर्दी कमी असल्याने ते निभावतं. सोमवारी सकाळी निभावणार नाही.

पुढचं सगळं राजकारण या आकड्याभोवती फिरतं, म्हणून तो आधी सांगितला. करोनापूर्व काळात या दोन नळ्यांतून रोज सुमारे ४५० गाड्या आणि २ लाख प्रवासी जात. बहुतेक गाड्या न्यू जर्सीच्या सरकारी एनजे ट्रान्झिटच्या लोकल. उरलेल्या अ‍ॅमट्रॅक या केंद्र सरकारच्या रेल्वे कंपनीच्या, म्हणजे बोस्टन-न्यूयॉर्क-फिलाडेल्फिया-वॉशिंग्टन या लांब पल्ल्याच्या. बोगद्याची मालकीही अ‍ॅमट्रॅककडेच आहे. एडिसन, मेट्रोपार्क, प्रिन्स्टन जंक्शन ही नावं महाराष्ट्रातल्या पुष्कळ घरांत आता ओळखीची झाली आहेत. तिथून मिडटाउनच्या ऑफिसात रेल्वेने जाणारा मराठी माणूस याच नळ्यांतून जातो. जर्सी सिटीवाल्यांची गोष्ट वेगळी. त्यांची पाथ रेल्वे नदीखालच्या स्वतःच्या बोगद्यांतून जाते. अर्थात वरच्या नळ्या तुंबल्या की ती सगळी गर्दी पाथवरच येऊन आदळणार, त्यामुळे त्यांनीही फार निर्धास्त राहू नये.

मीठ आत राहिलं

शंभर वर्षं जुनं असणं हा तसा गुन्हा नाही. जगात याहून जुने बोगदे चालू आहेत. इथलं दुखणं २९ ऑक्टोबर २०१२ चं आहे. त्या रात्री सँडी चक्रीवादळाने समुद्राचं पाणी शहरात घुसवलं आणि दोन्ही नळ्यांत खारं पाणी भरलं. पाणी उपसून काही दिवसांत गाड्या सुरूही झाल्या. लोकांना वाटलं, संकट टळलं.

पण पाणी गेलं आणि मीठ राहिलं. नळीच्या आत रुळाच्या दोन्ही बाजूंना काँक्रीटचा जाडजूड ओटा आहे. त्याच्या पोटातून विजेच्या १२,००० व्होल्टच्या वाहिन्या, सिग्नलच्या आणि दळणवळणाच्या तारा जातात. आणीबाणीत प्रवाशांना गाडीतून उतरवायचं तर तेही याच ओट्यावर. खाऱ्या पाण्यातले क्लोराइड आणि सल्फेट या काँक्रीटमध्ये मुरले आणि ते आजही ते काँक्रीट आतून पोखरत आहेत. ओट्याचे टवके उडतात, जुन्या तारा दगा देतात आणि मग ऐन गर्दीत गाड्या खोळंबतात.

यावर वरवरची डागडुजी पुरत नाही. ओटा फोडून काढायचा, तारा नव्याने टाकायच्या, रुळाखालची बैठक बदलायची, तर एकेक नळी वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ पूर्ण बंद ठेवावी लागेल. आणि नळी बंद केली की २४ चे ६. म्हणून आधी शेजारी दोन नव्या नळ्या खोदायच्या, वाहतूक तिकडे वळवायची, मग जुन्या एकामागून एक दुरुस्त करायच्या आणि शेवटी चारही वापरायच्या, असा बेत ठरला. हाच हडसन टनेल प्रकल्प. ‘गेटवे’ नावाच्या मोठ्या योजनेतला तो सर्वांत महत्त्वाचा तुकडा. खर्च सुमारे १६ अब्ज डॉलर. नव्या नळ्या २०३५ मध्ये आणि जुन्यांची दुरुस्ती २०३८ मध्ये संपवायची, असं वेळापत्रक आहे.

या बेताला तांत्रिक अंगाने फारसं कुणी नाकारत नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. बोगदा नकोच, असं म्हणणारा वजनदार नेता शोधावा लागेल. भांडण पैसे कुणाचे आणि ते सोडण्याची कळ कुणाच्या हातात, यावरून आहे.

एकदा हातातोंडाशी आलेला घास

खरं तर या नदीखाली नवा बोगदा केव्हाच तयार व्हायला हवा होता. २००९ मध्ये ‘आर्क’ नावाच्या प्रकल्पाचं काम सुरू झालं होतं. अंदाज ८.७ अब्ज डॉलरचा. त्यात ३ अब्ज केंद्राचे, ३ अब्ज पोर्ट ऑथॉरिटीचे आणि बाकी न्यू जर्सीचे. पोर्ट ऑथॉरिटी म्हणजे न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी या दोन राज्यांनी मिळून चालवलेली संस्था. पूल, विमानतळ, बंदरं तिच्याकडे असतात.

२०१० मध्ये न्यू जर्सीचे नवे रिपब्लिकन गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी काम थांबवलं. खर्च वाढणार आणि वाढीव भार एकट्या न्यू जर्सीच्या माथी येणार, हे त्यांचं कारण. ते अगदीच पोकळ नव्हतं. करारात वाढीव खर्चाची जबाबदारी खरोखरच राज्यावर होती आणि या योजनेतलं नवं स्टेशन जुन्या पेन स्टेशनाला न जोडता ३४व्या रस्त्याखाली खोलवर वेगळं काढलं होतं, यावर रेल्वेप्रेमीही नाराज होते. पण पुढे २०१२ मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने हिशोब तपासला तेव्हा क्रिस्टींनी राज्याचा वाटा बराच फुगवून सांगितल्याचं दिसलं. ते ७० टक्के म्हणत होते, कार्यालयाच्या हिशोबात तो सुमारे १४ टक्के निघाला. दरम्यान वाचलेल्या पैशातला बराचसा पुलास्की स्कायवेसारख्या रस्त्यांच्या कामांकडे वळला होता. त्यामुळे पेट्रोलवरचा कर वाढवायची पाळी लांबणीवर पडली. गव्हर्नरांची सोय कशात होती, हे वेगळं सांगायला नको.

बोगदा रद्द झाला त्याला जेमतेम दोन वर्षं लोटली, तोच सँडी आलं: निर्णय ऑक्टोबर २०१० चा, वादळ ऑक्टोबर २०१२ चं.

तोंडी वचन आणि लेखी करार

‘गेटवे’ची घोषणा २०११ मध्ये झाली. २०१५ मध्ये ओबामा सरकार आणि दोन राज्ये यांच्यात ठरलं की निम्मे पैसे केंद्राने द्यायचे, निम्मे राज्यांनी उभे करायचे. फोटो निघाले, भाषणं झाली. पण सहीशिक्क्याचा करार झाला नव्हता.

२०१७ मध्ये ट्रम्प यांचं पहिलं सरकार आलं आणि त्या वर्षाच्या अगदी शेवटी केंद्राच्या सार्वजनिक वाहतूक खात्याने पत्र धाडलं: असा कुठलाही समझोता अस्तित्वात नाही. त्यांचा दुसरा आक्षेप जास्त टोकदार होता. राज्यांना आपला निम्मा वाटा केंद्राकडूनच स्वस्त कर्ज घेऊन भरायचा होता. मग यात तुमचं काय, सगळे पैसे तर आमचेच, असा खात्याचा सवाल. राज्यांचं उत्तर असं, की कर्ज आम्ही व्याजासकट फेडणार आहोत, मग ते आमचंच नाही का? माझ्या मते इथे राज्यांची बाजू बरोबर होती. फेडावं लागणारं कर्ज आणि न फेडायचं अनुदान यांना एका मापाने मोजणं हा हिशोब नव्हे, अडवणूक आहे.

अडवणुकीचं खरं हत्यार मात्र नकार हे नव्हतंच. हत्यार होतं चालढकल. पर्यावरण परिणामांचा मसुदा २०१७ च्या जुलैमध्ये तयार होता. अंतिम मंजुरी पुढच्या वर्षी मिळेल, अशी अपेक्षा होती. ती मिळाली मे २०२१ मध्ये, बायडन सत्तेवर आल्यावर. मधली तीन वर्षं फाईल पडून. कुणी ‘नाही’ म्हटलं नाही, त्यामुळे कोर्टात तरी कशाविरुद्ध जायचं? २०१७ मध्ये १३ अब्जांच्या आसपास असलेला अंदाज पुढे १६ अब्जांवर गेला तो काही एका रात्रीत नाही.

चित्र एकरंगी नाही, हेही सांगितलं पाहिजे. गेटवे योजनेतच हॅकेन्सॅक नदीवरचा जुना पोर्टल पूल बदलण्याचं काम येतं. हाही १९१० चाच. पाण्यापासून इतका कमी उंचीवर की मोठी बोट आली की तो मधोमध फिरवून वाट करून द्यावी लागते. फिरतो बरा, पण परत जागेवर येताना कधीकधी रुळांची टोकं जुळत नाहीत. मग कामगार घण घेऊन धावतात आणि रूळ ठोकून जागेवर बसवतात. तोवर अमेरिकेतल्या सर्वांत गजबजलेल्या रेल्वेमार्गावरच्या गाड्या एकामागे एक उभ्या. या पुलाच्या जागी नवा पूल बांधण्यासाठीच्या केंद्रीय अनुदानावर जानेवारी २०२१ मध्ये सही केली ती ट्रम्प यांच्याच सरकारने, जाता जाता.

बोगद्याचं भाग्य बायडन यांच्या काळात उजळलं. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने रेल्वेसाठी मोठी तिजोरी उघडली. २०२३ मध्ये केंद्रीय रेल्वे प्रशासनाकडून ३.८ अब्ज डॉलर मिळाले. जुलै २०२४ मध्ये सार्वजनिक वाहतूक खात्याने ६.८८ अब्जांच्या पूर्ण अनुदान करारावर सही केली. छोटीमोठी इतर अनुदानं धरून केंद्राचा वाटा सुमारे ११ अब्ज, म्हणजे निम्म्याहून कितीतरी अधिक. राहिलेला भार दोन राज्यं आणि पोर्ट ऑथॉरिटी केंद्राकडून घेतलेली कर्जं फेडून उचलणार. या वेळी फोटोही निघाले आणि सह्याही झाल्या.

मंजूर झालेला पैसा कुठे असतो?

तर मग सही झालेला पैसा अडकतो कसा? बातम्यांत हा भाग नीट सांगितला जात नाही, म्हणून थोडं थांबून सांगतो.

११ अब्ज डॉलर मंजूर झाले म्हणजे ते बोगदा बांधणाऱ्या संस्थेच्या खात्यात जमा झाले, असं नाही. आपल्याकडे बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटचं कर्ज मंजूर होतं, पण बँक पैसे स्लॅब पडेल तसे सोडते, तसंच हे आहे. फरक इतकाच की इथे आधी खिशातून खर्च करायचा आणि मग बिल लावून परतफेड मागायची. काम चालवते गेटवे डेव्हलपमेंट कमिशन ही दोन राज्यांची संयुक्त संस्था. ती ठेकेदाराचं बिल भागवते, कागदपत्रं केंद्राला पाठवते आणि केंद्र पैसे देतं. काम जोरात चालू असताना ही रक्कम कोट्यवधी डॉलरची असते, आणि परतफेड थांबली तरी ठेकेदार, यंत्रांचं भाडं, मजुरांचे पगार थांबत नाहीत.

म्हणजे प्रकल्पाचं नाक दाबायला करार रद्द करावा लागत नाही. बिलावरची सही लांबवली तरी पुरे.

१ ऑक्टोबर २०२५ ला नेमकं हेच झालं. त्या दिवशी संसदेत खर्चाच्या विधेयकावर एकमत न झाल्याने अमेरिकी सरकारचं कामकाज बंद पडलं. त्याच दिवशी व्हाइट हाउसच्या अर्थसंकल्प कार्यालयाचे प्रमुख रसेल व्हॉट यांनी जाहीर केलं की न्यूयॉर्कच्या प्रकल्पांचे सुमारे १८ अब्ज डॉलर रोखण्यात येत आहेत. त्यात हडसनचा बोगदा होता आणि मॅनहॅटनमधल्या सेकंड अव्हेन्यू मेट्रोचा पुढचा टप्पाही. कारण दिलं ते असं: समाजात मागे राहिलेल्यांच्या, त्यातही अल्पसंख्याक आणि स्त्रियांच्या, छोट्या कंपन्यांना कंत्राटात वाटा देण्याचा जो जुना नियम आहे तो घटनाबाह्य आहे का, हे तपासायचं आहे. वाहतूक खात्याने पुढे सांगितलं की ही तपासणी करणारे कर्मचारीच कामकाज बंद असल्याने घरी बसले आहेत. तपासणी झाल्याशिवाय पैसे नाहीत आणि तपासणी करायला माणसं नाहीत! आपल्या तालुक्याच्या कचेरीलाही हे इतकं सफाईने जमलं नसतं.

आडून केलेला वार कुणावर होता, हे लपलं नाही. सिनेटमधले डेमोक्रॅट नेते चक शूमर न्यूयॉर्कचे, प्रतिनिधिगृहातले नेते हकीम जेफ्रीज ब्रुकलिनचे. कामकाज बंद पडण्याच्या तिढ्यात समोर बसलेले हेच दोघं. महिन्याच्या मध्यावर ट्रम्प यांनी स्वतःच सांगून टाकलं की शूमर ज्याच्यासाठी वीस वर्षं झटले तो प्रकल्प संपवला आहे. कागदावर मात्र तो ‘तपासणीत’च होता. तोंडाने संपवलेला, कागदावर तपासला जाणारा आणि जमिनीवर चालू असलेला, असा तिहेरी अवतार.

कामकाज बंदी ४३ दिवसांनी संपली, पैसे मात्र आले नाहीत. कमिशनने हाताशी असलेल्या कर्जावर काम रेटलं. ते संपत आलं तेव्हा फेब्रुवारी २०२६ च्या सुरुवातीला दोन खटले उभे राहिले. एक कमिशनचा, करारभंगाचा: आम्ही खर्च केलाय, थकलेले २० कोटींहून अधिक डॉलर द्या. दुसरा दोन्ही राज्यांचा, न्यूयॉर्कच्या केंद्रीय न्यायालयात: पैसे रोखण्याचा निर्णयच बेकायदा आहे. ६ फेब्रुवारीला जागेवरची कामं थांबली, सुमारे हजार कामगारांना घरी जावं लागलं आणि त्याच संध्याकाळी न्यायाधीश जेनेट व्हार्गस यांनी पैसे मोकळे करण्याचा तात्पुरता आदेश दिला. त्यानंतर अडलेली रक्कम सुटू लागली.

याच दिवसांत आणखी एक बातमी फुटली. पेन स्टेशनाला आणि वॉशिंग्टनजवळच्या डलस विमानतळाला ट्रम्प यांचं नाव दिलं तर पैसे सोडू, असा निरोप शूमर यांना गेल्याचं वृत्त आलं. ट्रम्प म्हणाले, स्टेशनाच्या नावाची कल्पना शूमर यांचीच. शूमर म्हणाले, साफ खोटं. कोण खरं बोलतंय ते सोडा. अब्जावधींच्या बोगद्याची चर्चा पाटीवर कुणाचं नाव यापर्यंत येऊन ठेपली, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला मुळीच परकं वाटणार नाही.

संसदेने दिलेला पैसा राष्ट्राध्यक्ष रोखू शकतो?

कायद्याचा मुद्दा इथे आहे. अमेरिकी घटनेत तिजोरीची किल्ली संसदेकडे आहे. निक्सन यांनी संसदेने मंजूर केलेले पैसे अडवून ठेवण्याचा सपाटा लावला तेव्हा १९७४ मध्ये खास कायदा झाला. धोरण पटत नाही म्हणून राष्ट्राध्यक्षाला पैसा दाबून ठेवता येत नाही. नको असेल तर संसदेकडे तसं मागावं लागतं, आणि संसदेने ४५ दिवसांत मान्य केलं नाही तर पैसा सोडावा लागतो. म्हणूनच ‘रद्द केला’ असं लेखी कुणी म्हणत नाही. ‘तपासतोय’ म्हटलं की या कायद्याच्या कचाट्यात सापडणं टळतं, निदान तसा प्रयत्न करता येतो.

दुसऱ्या बाजूचं म्हणणं एका वाक्यात उडवून लावण्यासारखं नाही. टेक्सासच्या किंवा आयोवाच्या करदात्याने न्यूयॉर्कच्या नोकरदारांची लोकल का पोसायची? अमेरिकेत बोगदे खणायला जगातल्या इतर श्रीमंत देशांपेक्षा कितीतरी जास्त खर्च येतो, तो का? दुसरा प्रश्न रास्त आहे आणि डेमोक्रॅट त्यावर सोयिस्कर मौन पाळतात. पहिल्याचं उत्तर बोगद्याच्या मालकीतच आहे. बोस्टन ते वॉशिंग्टन या एका मार्गाचा हा सर्वांत अरुंद गळा आहे आणि तो आवळला तर खोळंबा एका शहरापुरता राहत नाही. शिवाय खर्च जास्त आहे, ही तक्रार आणि पैसे अडवून काम लांबवणं, या दोन गोष्टी एकत्र करता येत नाहीत. थांबलेल्या यंत्राचं भाडं चालूच असतं.

लांबणीवर पडण्याची भीती काय करायला लावते, याचा नमुना मॅनहॅटनच्या पश्चिमेला जमिनीखाली आहे. हडसन यार्ड्स भागात रेल्वेच्या यार्डावर छत घालून उंच इमारती उभ्या राहणार होत्या. त्यांचे पाये नव्या बोगद्याच्या वाटेत आले असते तर पेन स्टेशनात शिरायला जागाच उरली नसती. म्हणून बोगद्याला मंजुरी मिळण्याच्या कितीतरी आधी, २०१३ पासून, अ‍ॅमट्रॅकने तिथे काँक्रीटचा एक लांबलचक पोकळ डबा बांधायला घेतला. त्यात ना रूळ, ना गाड्या. नुसती जागा अडवून ठेवलेली. त्याचा शेवटचा तुकडा आता होतो आहे आणि फेब्रुवारीत थांबलेल्या कामांत तोही होता.

फेब्रुवारीतला न्यायालयाचा आदेश तात्पुरता होता. रोखण्याचा निर्णय कायदेशीर होता की नाही, हा मूळ प्रश्न त्याने सुटत नाही, आणि कमिशनचा करारभंगाचा दावा वेगळ्या न्यायालयात आहे. त्यामुळे या प्रकल्पाची तब्येत पाहायची असेल तर पुढाऱ्यांची विधानं बाजूला ठेवून दोनच गोष्टींवर लक्ष ठेवावं: केंद्राकडे पाठवलेलं दर महिन्याचं बिल किती दिवसांत वटलं आणि २०३५ ही तारीख कमिशनच्या कागदांवर तशीच राहिली का.